शेवंताबाईंचा सात ओळींचा अर्ज

अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पाठीशी आज ना उद्या समाज उभा राहतो. हे वाक्य मी आमच्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते आणि ते पंधरा दिवस तसेच राहिले, कारण फळा पुसण्याचे काम माझ्याकडेच होते. शेवंताबाईंच्या बाबतीत समाज खरोखरच उभा राहिला. फक्त तो पाठीशी नाही, स्वयंपाकखोलीच्या दारात आडवा.

गाव पवनी तालुक्यातले. नाव लिहीत नाही. गावाने छापून येण्यासारखे काही केलेले नाही. शेवंताबाई आमच्या शाळेत दुपारचा भात शिजवायच्या. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने चव घ्यावी आणि नोंदवहीत शेरा लिहावा, असा नियम आहे. मी नवा होतो, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी भाताची चार शिते बोटावर घेतली, जिभेला लावली आणि इतर शाळांत लिहितात तसे 'उत्तम' लिहायला घेतले.

"गुरुजी, तुमी खाल्लं नाही."

"खाल्लं ना, बाई."

"शीत चाटलं तुमी. शीत चाटून लेकराचं पोट भरते काय? हे घ्या वाटी. खाऊन बोला. पाहून तं कोणीबी बोलते."

हातात मोठा पळा घेऊन त्या समोर उभ्या राहिल्या. मी पूर्ण वाटी संपवली, शेवटचा घास गिळला, तेव्हा म्हणाल्या, "आता लिहा." मी 'उत्तम' लिहिले. त्यांना वाचता येत होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

"उत्तम कायले लिहिता? मीठ जास्त झालं आज. मीठ जास्त, असं लिहा."

त्यामुळे साऱ्या तालुक्यात आमचीच नोंदवही अशी होती की तिच्यात 'मीठ जास्त', 'वरण पातळ', 'भात खाली लागला' असले शेरे सापडत. एकदा तपासणीला आलेले साहेब ती चाळून चिंतेत पडले. बाकी सगळ्या शाळांत वर्षभर उत्तम आहे, मग तुमच्याकडेच काय अडचण आहे, असे त्यांनी विचारले. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन समजावले की प्रामाणिकपणा चांगला, पण तो रजिस्टरात नको. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'उत्तम' लिहिले. शेवंताबाईंनी नोंदवही उलटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब येऊन गेले वाटते."

बुटक्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेल्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी आंधळगावला दिलेली. माहेर बपेऱ्याचे, मध्य प्रदेशच्या अगदी सीमेवरचे, त्यामुळे राग आला की त्या हिंदीत शिरत. "चुपचाप खा, नाटक मत कर," हे वाक्य शाळेतल्या पहिलीपासून सातवीपर्यंतच्या प्रत्येकाने ऐकलेले होते. मुले त्यांना मोठीमाय म्हणत. परीक्षेच्या दिवशी त्या भात जरा जास्त घालत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "डरलेलं पोट्टं जास्त खाते, जी. तुमच्या पुस्तकात नाही काय हे?" नव्हते.

नऊ वर्षे हे असे चालले. नऊ वर्षे मी रोज त्यांच्यासमोर वाटी संपवली. सोमवारी, शनिवारी, एकादशीला, ताप असताना, एकदा दाढ काढून आल्यावरसुद्धा. त्या दिवशी त्यांनी भात बोटांनी कुस्करून पेज करून दिली आणि उभ्या राहिल्या. "गिळा. चावू नका. आता बोला."

रोगाचे कसे कळले ते सांगतो, कारण त्यातच सगळे आहे. त्यांच्या हातावर एक फिकट चट्टा होता. त्यावर चुलीची ठिणगी पडली तरी कळत नसे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे हळूहळू वाकत गेली. घरोघर तपासणीला आलेल्या आशाताईने चट्टा पाहिला, दवाखान्यात नेले. कुष्ठरोग निघाला. शेवंताबाईंनी वर्षभर गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवता, आणि कोणालाही न सांगता. औषध पूर्ण झाल्याचा कागद मिळाला, तो त्यांनी पिशवीत घालून पेटीत ठेवला. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

पण त्यांच्या तळपायाची संवेदना गेली होती, आणि अशा रुग्णांना सरकार खास मऊ रबराची चप्पल फुकट देते. चप्पल चांगली असते, पाय वाचवते. तिचा एकच दोष: ती कोण घालतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ती घेऊन एक तरुण आरोग्य कर्मचारी आला. गावात शाळा सापडायला सोपी, म्हणून शाळेत आला. मधल्या सुट्टीत आला. काम झाल्याचा फोटो वर पाठवायचा होता, म्हणून त्याने शेवंताबाईंना पटांगणात उभे केले, चप्पल हातात दिली आणि म्हणाला, "बाई, जरा हसा." त्याच्या मनात काहीच वाईट नव्हते. शेवंताबाई हसल्या. त्यांच्यामागे जेवणाऱ्या मुलांच्या तीन ओळी होत्या. फोटोत त्या स्पष्ट आल्या असतील.

दुसऱ्या दिवशी निम्मी मुले घरून डबा घेऊन आली. तिसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी, आणि मी ज्या दोन खोल्यांत राहत होतो त्यांचे मालक. ते म्हणाले, "माहा स्वतःचा काही विरोध नाही. पण लोकांच्या भावना हायेत." आमच्या गावात लोक आपल्या भावना अध्यक्षांकडेच ठेवायला देतात. मुख्याध्यापकांनी विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनावर दहा मिनिटे सांगितले. हा रोग औषधाने बरा होतो, औषध सुरू झाल्यावर तो दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांनी अचूक सांगितले, आणि शेवटी शेवंताबाईंना बोलावून म्हणाले, "बाई, काही दिवस आराम करा."

"मले थकवा नाही, सर."

"तरीपण करा."

"काहून करू, तेवढं सांगा."

मुख्याध्यापकांनी बैठकीचा पुढचा विषय घेतला.

आता माझे. चप्पल वाटप आणि बैठक यांच्यामध्ये दोन दुपारी गेल्या. त्या दोन्ही दुपारी मी वाटी घेतली, "वर्गात काम आहे" म्हणालो आणि वाटी घेऊन निघालो. खिडकीमागे कण्हेर होती. मी सातवीला विज्ञान शिकवतो. त्या रोगावरचा धडा मी मुलांकडून पाठ करून घेतलेला होता. नऊ वर्षे मी तो भात खाल्ला होता आणि मला काही झाले नव्हते, हा पुरावा माझ्याच पोटात होता. तरीही वाटी खिडकीबाहेर गेली. त्या दोन्ही दिवशी शेवंताबाई पळा घेऊन उभ्या राहिल्या नाहीत. नोंदवहीत मी 'उत्तम' लिहिले, आणि त्यांनी ती उलटून पाहिली नाही.

आठवड्याने संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर बसल्या.

"गुरुजी, एक अर्ज लिहून द्या."

मी कागद घेतला. लाज वाटत असली की माझी भाषा फुलते. मी लिहिले की सदर प्रकार मानवतेला काळिमा फासणारा असून पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात वगैरे. वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"हे कोनाबद्दल हाये?"

"तुमच्याबद्दल."

"मी कुठी हाये यात? मले काढलं, ते लिहा. काहून काढलं, ते लिहा. बस."

"रोगाचं नाव घालू का? की 'आजार' म्हणू?"

"नाव घाला. सारं गाव नाव न घेता बोलून राहिलं. कागदावर तरी येऊ द्या."

शेवटी अर्ज सात ओळींचा झाला. तो मला पाठ आहे. 'मी शाळेत नऊ वर्षांपासून भात शिजवते. मला कुष्ठरोग झाला होता. औषध पूर्ण झाले, डॉक्टरांचा कागद जोडला आहे. माझा रोग कोणाला लागत नाही. तरी मला रोगामुळे कामावरून काढले. मला परत घ्या. घ्यायचे नसेल तर रोगामुळे काढले असे लिहून द्या.' माझ्या हातून झालेले हे सर्वात चांगले लेखन, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही. "अक्षर तुमचं ओळखतील काय?" त्यांनी विचारले. मी पेनाला टोपण लावले. त्यांनी कागद परत घेतला, घरी जाऊन स्वतःच्या हाताने उतरवून काढला आणि तालुक्याला नेऊन दिला.

तालुक्याने तो पंधरा दिवसांनी, योग्य कार्यवाहीसाठी, आमच्या मुख्याध्यापकांकडे पाठवला. आपल्याविरुद्धची तक्रार आपल्याच स्तरावर निकाली काढावी, अशी सूचना वर होती. मुख्याध्यापकांनी ती तत्परतेने निकाली काढली. शेवंताबाई पुन्हा तालुक्याला गेल्या. तो अर्जही परत आला. तिसऱ्यांदा त्या साहेबांच्या दारात सकाळपासून बसून राहिल्या. शिपाई म्हणाला, "बाई, किती वेळा याल?" त्या म्हणाल्या, "मले आरामच कराले सांगितला हाये. इथीच करतो." मग सुनावणी लागली.

सुनावणी घ्यायला एक मॅडम होत्या, तरुण, घाईत, पण वाईट नव्हत्या. अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि नोंदवही सांभाळणारा म्हणून मी. मुख्याध्यापक म्हणाले की शाळेने कसलाही भेदभाव केलेला नाही. बाईंच्या कामाची मुदत संपली होती, इतकेच. अध्यक्षांनी भावना मांडल्या.

"तुम्हाला काही सांगायचंय?" मॅडमनी शेवंताबाईंना विचारले.

शेवंताबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर, फायलींच्या मध्ये, ठेवला. झाकण उघडले. वरणभात होता, अजून वाफ होती. पहाटे उठून शिजवून, गमछ्यात गुंडाळून त्या बसने घेऊन आल्या होत्या. त्यांच्या लेखी वाद भाताचा होता, आणि भाताचा निकाल एकाच रीतीने लागतो.

"मॅडम, खाऊन बोला."

"अहो बाई, हे असं इथे नाही चालत," मॅडम म्हणाल्या. "मी तुमच्याकडून काही घेऊ शकत नाही. हे लाचेत धरतील."

"भात?"

"काहीही."

शेवंताबाईंनी डबा हळूच सरकवला, माझ्यासमोर.

"मंग या गुरुजीले खाऊ द्या. हे नऊ वर्स खाऊन राहिले माह्या हातचं. त्यायले कोनती लाच?"

खोलीत सगळे माझ्याकडे पाहू लागले. अध्यक्ष तर असे पाहत होते की मला माझ्या दोन खोल्या आठवल्या. पण मी खोटे लिहिणार नाही. फक्त खोल्या नव्हत्या. झाकणावर टेकलेली ती दोन वाकलेली बोटे मी पाहत होतो. नऊ वर्षे ती तिथेच होती आणि मी ती पाहिली नव्हती.

मी म्हणालो, "आज सोमवार आहे. माझा उपास असतो."

मुख्याध्यापक खोकले. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिले, फार वेळ नाही. मग त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या, "हो जी. इसरलीच मी. गुरुजीचा सोमवार रायते." आणि झाकण लावू लागल्या. ते एका हाताने बसेना. दुसऱ्या खेपेला बसले.

मला वाचवण्याची त्यांना काही गरज नव्हती. 'खोटं बोलून राहिले' एवढे म्हटले असते तर माझी नोंदवहीच त्यांची साक्षीदार होती. नऊ वर्षांतल्या सगळ्या सोमवारांचे शेरे तिच्यात माझ्या अक्षरात होते. ती नोंदवही माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली नाही.

आणि तरीही आदेश त्यांच्या बाजूने लागला. मॅडमनी डॉक्टरांचा कागद वाचला होता. बहुधा त्या कार्यालयात तो वाचणाऱ्या त्या पहिल्याच. 'अर्जदार यांना तात्काळ कामावर घ्यावे,' असा आदेश तीन आठवड्यांनी आला. तोवर मुलांसाठी अंगणवाडीत तात्पुरती शिजणारी खिचडी थांबली. शेवंताबाई नवे लुगडे नेसून आल्या, चूल सारवली, भात चढवला. मुख्याध्यापकांनी त्यांचा पळ्यासह फोटो काढला आणि आदेशाचे पालन झाल्याचा अहवाल फोटोसह पाठवला. त्यात खोटे काही नव्हते.

मधली सुट्टी झाली. मुले ओळीत बसली आणि सगळ्यांनी दप्तरातून डबे काढले. कोणी शिकवल्यासारखी सगळी खाली पाहून खात होती. गावात आदल्या संध्याकाळी दवंडी दिली नव्हती, बैठक झाली नव्हती. नुसते घरोघर ठरले होते. भाताचे पातेले ओसरीवर वाफाळत होते आणि त्याच्यापाशी शेवंताबाई पळा धरून उभ्या होत्या.

मी ताट घेऊन गेलो.

"आज उपास नाही काय, गुरुजी?"

"नाही."

"मंग खा."

त्यांनी वाढले. मी तिथेच, मुलांसमोर, ओसरीवर बसून खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले. मुले पाहत होती. एकही उठले नाही. मला वाटले होते की एक तरी उठेल. मास्तर लोकांना आपल्या उदाहरणाबद्दल असे काही वाटत असते. खाऊन झाल्यावर मी शेवंताबाईंकडे पाहिले. त्यांनी कसे झाले ते विचारले नाही. त्या पातेल्यातला भात झाकत होत्या.

तीन दिवस असे झाले. तिन्ही दिवशी त्यांनी पूर्ण पटाचा भात शिजवला. मी म्हटले, बाई, थोडा कमी शिजवा. म्हणाल्या, "अन् एखादं पोट्टं आलं तं?" संध्याकाळी तो भात अध्यक्षांच्याच गोठ्यात जाई. गुरांच्या भावना आड आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांनी भांडी घासून पालथी घातली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"मी खातो ना, बाई," मी म्हटले.

"तुमी एकटे किती खासान?"

मुख्याध्यापकांना फाईल बंद करायची होती. 'माझ्या तक्रारीचे समाधान झाले आहे,' असे टाईप करून त्यांनी सहीसाठी पुढे केले. शेवंताबाईंनी ते दोनदा वाचले, पेन मागितले, ती ओळ खोडली आणि खाली लिहिले: 'काम परत दिले. कोणी खाल्ले नाही.' मग सही केली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, असं चालत नाही." त्या म्हणाल्या, "चाललं तं हेच हाये, सर." कागद तसाच वर गेला, आणि वरून फाईल बंद झाल्याचे पत्र आले. खालची ओळ कोणी वाचली की नाही, कळायला मार्ग नाही.

त्या मुलीकडे आंधळगावला गेल्या. गावातल्या बायांनी धानाच्या रोवणीला त्यांना आपल्या ओळीत घेतले नाही, म्हणून जावयाच्या शेतातल्या बांधीत त्या एकट्याच धान रोवत. चिखलात पायात काटा मोडला. तो त्यांना कळला नाही. पाय सुजून काळा पडला तेव्हा मुलीला दिसला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत विष अंगभर गेले होते. मला बातमी आठवड्याने कळली आणि मी तेरवीला गेलो.

मुलगी आईसारखीच बुटकी, काटक. मी नाव सांगितले, शाळा सांगितली. तिने मला नीट पाहून घेतले.

"ते सोमवारवाले गुरुजी तुमीच काय?"

मी हो म्हणालो.

"माय लय हासे ते सांगून," ती म्हणाली. "म्हणे, नऊ वर्साचा खाणारा मानूस, एका डब्ब्याले भेला." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "बसा जी. पंगत बसून राहिली."

मी बसलो. आमच्या गावाहून तेरवीला आलेले माझ्याशिवाय आणखी एकच गृहस्थ होते, अध्यक्ष. मयताच्या जेवणाला नाही म्हणू नये, म्हणून ते आले होते. पोटभर जेवले. गाडीत बसताना मला म्हणाले, "बाई चांगली होती, गुरुजी. मी कधी वाईट बोललो काय?" बोलले नव्हते.

पालकांनी ती चूल आणि ती भांडी नको म्हटल्यामुळे आता शाळेची खिचडी नव्या बाईंच्या घरून शिजून येते. चव नोंदवहीत वर्षभर 'उत्तम' आहे. ती नोंदवही आता माझ्याकडे नाही. पुढच्या जानेवारीत वरून पत्र आले, त्याप्रमाणे शाळेने कुष्ठरोग्यांशी भेदभाव न करण्याची सामूहिक शपथ घेतली. मुख्याध्यापकांनी ती खड्या आवाजात सांगितली, मुलांनी खड्या आवाजात म्हटली, घोषवाक्यांची फेरी निघाली, अध्यक्षांनी हिरवी झेंडी दाखवली. उत्कृष्ट जनजागृतीबद्दल शाळेला तालुक्यातून चौकटीतले प्रशस्तिपत्र मिळाले. कार्यालयाच्या भिंतीवर जागा उरली नव्हती, म्हणून ते बंद स्वयंपाकखोलीत लावले आहे. खिळा तिथेच होता.